शिकणारे गुरुजी

शिक्षकाने मुलांस शिकवावे, हे सर्वांस मान्य आहे. त्याने स्वतःही शिकत राहावे, असे सभासमारंभांत आपण नेहमी ऐकतो. परंतु त्याने केव्हा शिकावे, कोणाजवळ शिकावे आणि त्याच्या या शिकण्याची कदर कोणी करावी, याचा विचार गावात क्वचितच होतो. तो आज करणे अगत्याचे झाले आहे. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निकाल दिला की, पहिली ते आठवीच्या वर्गांस शिकविणाऱ्या ज्या शिक्षकांच्या सेवेची पाच वर्षांहून अधिक मुदत उरली आहे, त्यांनी दोन वर्षांच्या आत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे. न झाल्यास सेवा सोडावी. अल्पसंख्याकांच्या शाळांचा प्रश्न न्यायालयाने मोठ्या पीठाकडे सोपविला. वीस-वीस वर्षे फळ्यापुढे उभ्या राहिलेल्या माणसांस पुन्हा परीक्षेला बसण्याची वेळ आली, ती अशी.

ही गोष्ट आम्ही पांढुर्णा आणि सौंसर या तालुक्यांच्या संदर्भात मांडू इच्छितो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. नागपूरची राजधानी जाऊन भोपाळची आली. संत्र्यांचे बाग तेच राहिले, घरातील मराठीही तीच राहिली. कचेरीची आणि पुष्कळ शाळांची भाषा मात्र हिंदी झाली. ऑक्टोबर २०२३ पासून हे दोन तालुके मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आहे.

या मुलखात शिक्षकाचे सरकारी नाव कितीदा बदलले, ते पाहण्यासारखे आहे. पूर्वी तो सहायक शिक्षक होता. १९९० नंतरच्या दशकात पंचायतींमार्फत अल्प वेतनावर माणसे नेमली गेली, त्यांस शिक्षाकर्मी म्हटले. १ जानेवारी १९९७ पासून शिक्षा गारंटी योजना आली. जेथे एक किलोमीटरच्या आत शाळा नाही आणि चाळीस मुले आहेत (आदिवासी भागात पंचवीस), तेथे लोकांनी मागणी केल्यास नव्वद दिवसांत शाळा द्यावयाची, असा तिचा नियम होता. गावातलाच जो तरुण तेथे शिकवी, त्याचे नाव गुरुजी आणि प्रारंभीचे मानधन महिना पाचशे रुपये! पुढे संविदा शाळा शिक्षक आले, २००७ मध्ये अध्यापक संवर्ग झाला आणि २०१८ मध्ये नव्या सेवेत प्राथमिक शिक्षक, माध्यमिक शिक्षक अशी नावे ठरली. प्रत्येक नावाबरोबर पगार, हक्क आणि मानही बदलला. एकाच व्हरांड्यात शेजारी-शेजारी वर्ग घेणाऱ्या दोघांचे काम एक आणि वेतन निराळे, असे वर्षानुवर्षे चालले. अशा स्थितीत ‘आपण कोण?’ हा प्रश्न शिक्षकाच्या मनात उठला, तर त्यास दोष कसा द्यावा?

या प्रश्नाचे उत्तर सरकारी आदेशात सापडेल, असे आम्हांस वाटत नाही. ते वर्गातच शोधावे लागते. ‘शिक्षाकर्मी’ हा शब्दच घ्या. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. मराठी घरातून आलेल्या मुलास तीच शिक्षा म्हणजे छडी! हिंदी पुस्तकातील ‘संसार’ म्हणजे जग, मुलाच्या घरचा संसार म्हणजे चूल, भांडीकुंडी आणि माणसे. पुस्तकात ‘चेष्टा’ करणारा मुलगा प्रयत्न करीत असतो. आपल्याकडे तो थट्टा करीत असतो. मूल मान डोलावते, पाठ पुढे सरकतो आणि अर्थ मागेच राहतो. हे ज्या शिक्षकाच्या ध्यानी आले, त्याने मोठी विद्या मिळविली. ती कोणत्याही पदवीत नाही. ती मुलांच्या चुकांकडे आस्थेने पाहिल्याने मिळते. परंतु एकट्याने मिळविलेली अशी विद्या एकट्याबरोबरच निवृत्त होते, हे दुःख आहे.

ती वाटून घेण्याची रीत याच राज्यात एकदा दिसून आली होती. १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यात (२०२२ पासून नर्मदापुरम) सोळा शाळांत विज्ञान शिकविण्याचा नवा उपक्रम सुरू झाला. किशोर भारती ही संस्था आणि ख्रिस्ती क्वेकर पंथीयांचे रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर यांनी तो आरंभिला. १९७८ मध्ये तो जिल्ह्याच्या सर्व माध्यमिक शाळांत गेला; १९८२ पासून एकलव्य संस्थेने त्याची धुरा घेतली. मुलांनी स्वतः प्रयोग करावेत, हा त्याचा गाभा. त्यासाठी शिक्षक सुटीत प्रशिक्षणास येत, मुलांचेच प्रयोग स्वतः करून पाहत, आणि पुढे दरमहा जवळच्या केंद्रावर जमून आपापल्या वर्गातील अडचणी मांडीत. ‘हे मला समजले नाही’ असे शिक्षकाने दुसऱ्या शिक्षकासमोर म्हणणे, यात तेथे कमीपणा नव्हता. त्यांच्यातूनच इतरांस शिकविणारे शिक्षक तयार झाले. २००२ मध्ये शासनाने हा उपक्रम बंद केला. परंतु खेड्यातील सामान्य शिक्षक काय करू शकतो, याचा तो तीस वर्षांचा दाखला आहे.

परीक्षेस आमचा विरोध नाही. अपूर्णांक नीट जाणणारा शिक्षक मिळणे, हा गरिबाच्या मुलाचाही हक्क आहे. मात्र परीक्षा एका दिवसाची, शिकणे जन्माचे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शिक्षकाच्या वाढीसाठी वर्षाकाठी किमान पन्नास तास सांगितले आहेत. ते तास भाषणे ऐकण्यात जावेत, की चार शिक्षकांनी मुलांच्या वह्या पुढे ठेवून बोलण्यात, यावर त्यांचे मोल ठरेल.

आमच्या वाचक कुटुंबांस येथे काही करता येण्याजोगे आहे. आपल्या गावचे गुरुजी किंवा बाई परीक्षेच्या अभ्यासाला बसल्या असतील, तर मुलांदेखत त्यांची थट्टा होऊ देऊ नये. वडीलधारी माणसेही अभ्यास करतात, हे मुलांनी पाहणे हिताचेच आहे. शाळेच्या सभेस जावे, आणि निकालाच्या आकड्यांपाशी न थांबता ‘आमच्या मुलास कोठे अडते?’ असे विचारावे. घरी बोलला जाणारा एखादा शब्द पुस्तकात निराळ्या अर्थाने आला असेल, तर तो शिक्षकास जाऊन सांगावा. शिक्षक महिन्यातून एक दुपार एकत्र बसत असतील, तर ‘शाळा बुडाली’ म्हणून कुरकुर करू नये. शिक्षण हक्क कायद्याने जनगणना, निवडणूक आणि आपत्ती-निवारण यांवाचून इतर कामांस शिक्षकांना जुंपण्यास मनाई केली आहे. तो वेळ मुलांचा आहे, हे गावानेही लक्षात ठेवावे.

सरकार उद्या आणखी एखादे नवे नाव देईल. गावाने मात्र त्यांस गुरुजी म्हणावे, आणि गुरुजींस शिकण्यास सवड द्यावी.