वहीवर सही करणारे

यवतमाळचे दीनदयाळ बहुउद्देशीय प्रसारक मंडळ पारधी समाजात आणि आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या कुटुंबांत काम करते. अशा कामाची बातमी होते. कुठल्याही संस्थेत मागे बसून ताळेबंद तपासणाऱ्या विश्वस्तांची मात्र होत नाही. १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने हिशेब ठेवणे बंधनकारक केले. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यायचा. काम रुक्ष, पगार शून्य. पण एखाद्या विधवेच्या मुलाच्या वह्यांचे पैसेही याच खतावणीतून जातात. म्हणून विश्वस्तपद हा सत्काराचा नारळ नव्हे. तिथे कापसाचा भाव आणि घरातली उधारी ठाऊक असलेल्या तरुण बायाही बसल्या पाहिजेत. नुसत्या सहीपुरत्या नव्हे, प्रश्न विचारायला.

– संपादक