शिपायाच्या स्वतःच्या शिक्षणाचें काय?

दरसाल ७ डिसेंबर उजाडला कीं ध्वजदिनाचा चिमुकला ध्वज आमच्या इतवारींतील पेढ्यांवर व सीताबर्डीच्या दुकानांतून फिरूं लागतो. १९४९ सालापासून चालत आलेल्या या निधीस आमचे व्यापारी सढळ हातानें पैसे देतात, ही गोष्ट त्यांस भूषणावहच आहे. परंतु ज्याच्यासाठीं हा पैसा दिला तो शिपाई पलटण सोडून घरीं आल्यावर काय करतो, हें पाहावयास दूर जावयास नको. पेढीच्या नाहींतर बँकेच्या दारांत बंदूक घेऊन उभा असलेला पहारेकरी पुष्कळदां तोच असतो. पंधरा-सतरा वर्षें बिनतारी यंत्र चालविलेल्या किंवा रणगाड्याचें इंजिन उघडून जोडलेल्या मनुष्यास आम्हीं दारावर उभें केलें, यांत त्याचा दोष कोणता? त्याच्याजवळ हुन्नर आहे, पण पदवीचा कागद नाहीं.

सरकारनें कांहींच केलें नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. २००६-०७ पासून पंतप्रधान शिष्यवृत्ती चालू आहे. दरसाल ५,५०० शिष्यवृत्त्या, त्यांतील निम्म्या मुलींस. २०१९ सालीं तिचे दर वाढून मुलीस दरमहा ३,००० व मुलास २,५०० रुपये झाले. हवालदाराच्या हुद्द्यापर्यंतच्या माजी सैनिकांच्या दोन मुलांस मिळणारें दरमहा हजार रुपयांचें साहाय्य २०२५ च्या नोव्हेंबरपासून दुप्पट करण्यांत आलें. धारातीर्थीं पडलेल्या व अपंग झालेल्या वीरांच्या मुलांची फी सरकारनें भरावी ही सवलत तर १९७१ च्या युद्धानंतरची. २०१७ सालीं हिशेबनिसांनीं तिला दरमहा १०,००० रुपयांची वेसण घातली. त्या वेळीं नौदलप्रमुख ॲडमिरल सुनील लांबा यांनीं संरक्षणमंत्र्यांस पत्र लिहिलें, वृत्तपत्रांतून ओरड झाली, आणि मार्च २०१८ मध्यें ती मर्यादा काढून टाकावी लागली. लोकमत जागें असलें म्हणजे काटकसरीची कात्री कोठें चालवूं नये हें दिल्लीसही समजतें.

परंतु या याद्या नीट वाचल्या म्हणजे एक गोष्ट डोळ्यांत भरते. शिकणारा कोण? मूल, नाहींतर विधवा. स्वतः शिपाई त्यांत कोठेंच नाहीं. त्याच्याकरितां पुनर्वसन महासंचालनालयाचे अभ्यासक्रम आहेत व ते उपयुक्तही आहेत, पण ते कांहीं आठवड्यांचे किंवा महिन्यांचे. मॅट्रिक झालेल्या व पंधरा वर्षें नोकरी केलेल्या सैनिकास कांहीं सरकारी जागांसाठीं पदवीधर समजावें असाही नियम आहे. ही पदवी अर्जाच्या कागदापुरती. ज्ञानाच्या शिदोरींत तिनें भर पडत नाहीं.

आणि पंधरा वर्षें तरी आतां किती जणांस मिळणार? जून २०२२ च्या अग्निपथ योजनेनें चार वर्षांची सेवा ठरविली. चारांपैकीं एकास पुढें ठेवावयाचें, तिघांस निरोप. आमच्या शेजारीं कामठीस ब्रिगेड ऑफ द गार्ड्सच्या केंद्रांतही हे अग्निवीर तयार होतात. हा तरुण एकवीस ते पंचवीस वर्षांचा असतांना, म्हणजे इतर मुलें महाविद्यालयांतून बाहेर पडतात त्या वयांत, मोकळा होतो. त्याला निवृत्तिवेतन नाहीं. सुमारे ११ लक्ष ७१ हजारांचा सेवानिधि मिळतो, त्यांतून त्यानें शिकावें, असें कोणी म्हणेल. पण त्या निधींत सरकारच्या वांट्याइतकीच रक्कम त्याच्या स्वतःच्या पगारांतून कापलेली असते. आणि विदर्भांतील कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरांत एवढी रक्कम एकदम आली म्हणजे तिचे पहिले धनी सावकार व बहिणीचें लग्न हे होत. पुस्तकाची पाळी शेवटीं. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठानें लष्करी प्रशिक्षणास पदवीचे निम्मे श्रेयांक देण्याचें ठरविलें, तें पाऊल स्तुत्य आहे. मात्र उरलेले निम्मे कोणाच्या खर्चानें व कोणत्या सवडीनें मिळवावयाचे हा प्रश्न राहतोच.

अमेरिकेनें हा प्रश्न १९४४ सालीं, महायुद्ध संपण्यापूर्वींच, कायदा करून सोडविला. दरसाल ५०० डॉलरपर्यंतची फी व वर निर्वाहाचा खर्च सरकारनें खुद्द शिपायास दिला, आणि १९५६ पर्यंत सुमारें ७८ लक्ष लोकांनीं त्याचा लाभ घेतला. त्यांत काळेंबेरें नव्हतें असें नाहीं. अंमलबजावणी स्थानिक अधिकाऱ्यांच्या हातीं राहिल्यामुळें दक्षिणेकडील संस्थानांत काळ्या शिपायांस पुष्कळदां दारेंच बंद झालीं.

लष्कर आणि शाळा यांचें नातें महाराष्ट्रास नवें नाहीं. कंपनीच्या फौजेंत शिपायांस व त्यांच्या मुलामुलींस शिकविण्याची व्यवस्था होती. सुभेदार रामजी सकपाळ हे अशाच एका लष्करी शाळेचे मुख्याध्यापक. १८९१ सालीं महू येथें जन्मलेले त्यांचे पुत्र म्हणजे डॉ. आंबेडकर. गांवच्या शाळेनें ज्यांस उंबऱ्याबाहेर ठेविलें, त्यांच्या घरीं अक्षर गेलें तें पलटणीच्या वाटेनें. पुढें इंग्रजांनीं महारांची भरती बंद केली व ती वाट बुजली. ज्या नगरींत १९५६ सालीं धम्मदीक्षा झाली, त्या नगरीस तरी या वाटेची किंमत सांगावी लागूं नये.

दिल्लीनें शिपायासच शिष्यवृत्तीचा हक्कदार करावा, ही आमची पहिली मागणी आहे. परंतु तोंपर्यंत नागपूरनें स्वस्थ बसण्याचें कारण नाहीं. १९२३ सालीं स्थापन झालेल्या आमच्या विद्यापीठानें सेवामुक्त सैनिकांस फी माफ करावी, लष्करांतील प्रशिक्षणाचे श्रेयांक आपणही मान्य करावे, आणि महाविद्यालयांनीं सायंकाळचे वर्ग उघडावे. व्यापाऱ्यांकडे आमचें मागणें त्याहून लहान आहे. दारावरच्या माणसास सायंकाळीं सहाला सोडा, त्याच्या परीक्षेच्या दिवसांचा पगार कापूं नका, आणि एका पेढीनें एका विद्यार्थ्याची फी उचलावी. २०२३ च्या आरंभीं दाखल झालेल्या पहिल्या अग्निवीरांचीं चार वर्षें २०२७ च्या आरंभीं पुरीं होतात, आणि महाविद्यालयांचे प्रवेश त्यानंतर कांहीं महिन्यांतच सुरू होतात.