वाटा माणसांच्या, वाटा पाण्याच्या

शहरात घर शोधणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : 'स्टेशन किती लांब आहे?' घराला खोल्या किती, उजेड-वारा कसा, शेजार कसा, हे प्रश्न नंतरचे. महानगरातील अंतर मिनिटांत मोजले जाते. डोंबिवलीचा चाकरमानी असो की चेन्नईजवळच्या तांबरमचा, रोज दोन-तीन तास प्रवासात घालवणाऱ्याला या मिनिटांचा हिशेब मांडावाच लागतो. म्हणून ज्या उपनगरात रेल्वे, बस, बाजार, शाळा आणि दवाखाना हाताशी असतात, त्याला आपण 'सोयीची वस्ती' म्हणतो. पण ही सोय नेमकी कोणाची आणि तिची किंमत कोण चुकवतो? चेन्नईच्या दक्षिण भागातील वेळच्चेरी या उपनगराच्या उदाहरणावरून या प्रश्नाचा विचार करू.

काही दशकांपूर्वी वेळच्चेरी हे तलावाकाठचे, शेताभाताचे गाव होते. आज ते शहराच्या अत्यंत गजबजलेल्या भागांपैकी एक आहे. गिंडीची औद्योगिक वसाहत, तरमणीच्या शिक्षणसंस्था, माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्यांनी भरलेला जुना महाबलीपुरम रस्ता आणि विमानतळ ही सर्व ठिकाणे येथून जवळ आहेत. उंच खांबांवरून धावणारी शहरी रेल्वे नोव्हेंबर 2007 मध्ये येथपर्यंत आली. 1995 साली चेन्नई बीच ते चेपॉक या टप्प्यापासून सुरू झालेल्या या मार्गाने वेळच्चेरीला शहराच्या जुन्या बाजारपेठेशी जोडले. सुमारे 19 किलोमीटरांचा हा प्रवास रस्त्यावरील कोंडीत न अडकता आणि थोडक्या भाड्यात करता येतो.

अशा वस्तीत राहण्याचे सुख नाकारण्यात अर्थ नाही. दिवसभर काम करून सायंकाळी वर्गाला किंवा अभ्यासाला बसणाऱ्या माणसाला वाचलेल्या एका तासाचे मोल सांगावे लागत नाही. तुमच्यापैकी अनेकांनी ते स्वतः अनुभवले असेल. रात्री उशिरा कामावरून परतणारी परिचारिका, आठवड्यातून दोनदा रुग्णालयात जावे लागणारे वृद्ध, घरकाम सांभाळून शिकू पाहणारी गृहिणी, या सर्वांना बस आणि गाडी वेळेवर मिळणे म्हणजे आयुष्याला थोडी मोकळी जागा मिळणे होय. तमिळनाडूत मे 2021 पासून साध्या भाड्याच्या शहरी बसगाड्यांत महिलांना विनाशुल्क प्रवास करता येतो. तिकिटाचे पैसे जवळ नाहीत म्हणून दूरचे काम नाकारावे लागणाऱ्या स्त्रीसाठी हा निर्णय किती मोलाचा आहे, हे वेगळे सांगावयास नको. दळणवळणाची सोय ही श्रीमंतांची चैन नाही. खरे पाहता, ज्याच्याजवळ स्वतःचे वाहन नाही, त्यालाच तिची सर्वाधिक गरज असते.

ही गरज किती मूलभूत आहे, हे ती पूर्ण न झालेल्या ठिकाणी स्पष्ट दिसते. चेन्नईतील कूवम आणि अड्यार या नद्यांच्या काठांवर राहणाऱ्या हजारो गरीब कुटुंबांना गेल्या पंचवीस वर्षांत शहराबाहेर हलवण्यात आले. कण्णगी नगर, सेम्मंचेरी आणि पेरुंबाक्कम येथे त्यांच्यासाठी इमारती उभ्या राहिल्या. डोक्यावर पक्के छप्पर आले. पण पूर्वी चालत जाण्याच्या अंतरावर असलेले काम वीस-पंचवीस किलोमीटर दूर गेले. अनेकींची घरकामे सुटली, मुलांच्या शाळा मध्येच थांबल्या. घर म्हणजे केवळ चार भिंती नव्हेत. त्या भिंतींपासून कामापर्यंत, शाळेपर्यंत आणि दवाखान्यापर्यंत जाणारी वाटही घराचाच भाग असते, हा धडा या वसाहतींनी दिला. तेव्हा वस्ती जोडलेली असावी, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही.

मात्र वस्तीतून जाणाऱ्या वाटा फक्त माणसांच्या नसतात. त्या पाण्याच्याही असतात, आणि माणसे येण्याच्या कितीतरी आधीपासून असतात.

आपल्याकडे पाऊस जूनमध्ये येतो. चेन्नईत तो मुख्यतः ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो आणि कित्येकदा बंगालच्या उपसागरातील वादळांवर स्वार होऊन येतो. जमीन सपाट, समुद्र जवळ, उतार अगदी थोडा. अशा जमिनीवर थोड्या दिवसांत पडणारे पाणी वर्षभर पुरवावे म्हणून पूर्वजांनी 'एरी' म्हणजे बांध घातलेले तलाव निर्माण केले. एक तलाव भरला की त्याचे पाणी पाटाने खालच्या तलावात जाई, तेथून आणखी खाली. दक्षिण चेन्नईतील अशा अनेक तलावांचे पाणी शेवटी पळ्ळिकरणै या पाणथळ प्रदेशात येते. स्पंजाप्रमाणे ते पाणी शोषून घेऊन हा प्रदेश ते सावकाश बकिंगहॅम कालव्यात आणि पुढे समुद्राकडे सोडतो. वेळच्चेरी या पाणथळ प्रदेशाच्या काठावर वसलेली आहे.

शहर वाढले तसा हा प्रदेश आक्रसत गेला. एकेकाळी पाच हजार हेक्टरांहून अधिक असलेल्या या पाणथळीचा थोडाच भाग आज शिल्लक आहे. तिच्यात घरे झाली, रस्ते झाले, सरकारी संस्था आल्या, रेल्वे आली आणि महापालिकेचा कचराही तिच्यातच पडत राहिला. 2022 साली सुमारे 1,250 हेक्टर क्षेत्राला 'रामसर स्थळ' म्हणून आंतरराष्ट्रीय महत्त्वाची मान्यता मिळाली. पण तोवर बरेच काही हातचे गेले होते. बकिंगहॅम कालव्याची कथाही तशीच आहे. एकोणिसाव्या शतकात खणलेल्या या कालव्यातून एकेकाळी होड्यांनी मालवाहतूक होत असे. शहरी रेल्वेच्या मार्गासाठी जागा हवी होती, तेव्हा तिचे खांब लांब अंतरापर्यंत याच कालव्याच्या पात्रात उभे करण्यात आले. माणसांची वाट उंच झाली आणि तिच्या खाली पाण्याची वाट अरुंद झाली.

पाणी आपली वाट विसरत नाही. डिसेंबर 2015 च्या आरंभी तांबरम परिसरात एका दिवसात सुमारे 49 सेंटीमीटर पाऊस कोसळला. अड्यार नदीला महापूर आला, विमानतळ अनेक दिवस बंद राहिला आणि वेळच्चेरीच्या रस्त्यांवर होड्या फिरू लागल्या. डिसेंबर 2023 मध्ये 'मिचाँग' चक्रीवादळाच्या वेळी तेच चित्र पुन्हा दिसले. त्या वेळी वेळच्चेरीत बांधकामासाठी खणलेला खोल खड्डा ढासळून त्यात अडकलेल्या दोन जणांचे प्राण गेले. ऑक्टोबर 2024 मध्ये अतिवृष्टीचा इशारा मिळताच रहिवाशांनी आपल्या मोटारी उड्डाणपुलावर नेऊन रांगेने उभ्या केल्या. वाहतूक वेगाने व्हावी म्हणून बांधलेला पूल मोटारींना कोरडे ठेवण्यासाठी वापरावा लागला! ज्यांच्याकडे मोटार होती, त्यांनी ती वर नेली. तळमजल्यावरील खोलीत राहणाऱ्या भाडेकरूने आपला संसार कोठे न्यावा?

याच शहराने पाण्याचा दुष्काळही पाहिला आहे. 2019 च्या उन्हाळ्यात चेन्नईला पाणी पुरवणारे चारही मोठे जलाशय जवळजवळ आटले. शेवटी जुलैमध्ये जोलारपेट येथून रेल्वेने पाणी आणावे लागले. पावसाळ्यात ज्या रस्त्यांवर होड्या चालतात, उन्हाळ्यात त्याच रस्त्यांवर टँकरच्या रांगा लागतात, हा केवळ निसर्गाचा लहरीपणा नव्हे. पाणी साठवणारी आणि मुरवणारी जागा गेली, की पूर आणि टंचाई एकमेकांच्या पाठोपाठ येतात.

यावर कोणी म्हणेल, 'मग माणसांनी राहायचे तरी कोठे? शहरात रोजगार आहे, तर घरेही हवीतच.' हा आक्षेप योग्य आहे. वीस वर्षांचे कर्ज काढून दोन खोल्यांचे घर घेणाऱ्या कुटुंबाला दोष देणे अन्यायाचे ठरेल. आपली इमारत पाणथळीवर उभी आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. जाहिरातीत 'स्टेशनपासून पाच मिनिटे' एवढेच छापलेले असते. दोष त्या नियोजनाचा आहे, ज्याने नकाशावर रस्त्यांच्या रेषा ठळक काढल्या आणि पाण्याच्या रेषा पुसून टाकल्या. नदीच्या पुरापासून वाचवण्यासाठी म्हणून हलवलेल्या कुटुंबांना पेरुंबाक्कम आणि सेम्मंचेरी या पाणी तुंबणाऱ्या भागातच वसवले जावे, यापेक्षा या नियोजनाचा मोठा पराभव कोणता?

हे सारे दूर चेन्नईत घडते, असे समजून आपण निश्चिंत होऊ नये. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मिठी नदी नावाची नदी आपल्या शहरात आहे, याची अनेकांना प्रथमच जाणीव झाली. तिच्या काठावरही भराव घालून वस्ती आणि व्यापारी संकुले उभी राहिली होती. शहरांची नावे बदलतात. चूक तीच राहते.

यातून मार्ग नाही, असे नाही. तमिळनाडूने 2003 मध्ये प्रत्येक इमारतीत पावसाचे पाणी जिरवण्याची व्यवस्था सक्तीची केली. ती नीट राखली गेली, तर घराघरांतून जमिनीला पाणी परत मिळते. उरलेले तलाव आणि त्यांना जोडणारे पाट मोकळे ठेवले, नवा रस्ता किंवा मार्ग आखताना त्याखालून पाणी कसे जाईल याचा विचार आधी केला आणि गरिबांसाठी घरे बांधताना बसचा थांबाही त्याच दिवशी दिला, तर वस्ती खऱ्या अर्थाने जोडलेली होईल. हे काम शासनाचे आहे. पण ते करवून घेणे नागरिकांचे आहे. नागरिक प्रश्न विचारत नाहीत, तेथे नकाशे मुकाट्याने बदलले जातात.

म्हणून घर विकत घेताना किंवा भाड्याने घेताना, 'स्टेशन किती लांब आहे?' हा प्रश्न अवश्य विचारावा. पण त्याच्या जोडीला आणखी दोन प्रश्न विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे : 'पावसाचे पाणी येथून कोठे जाते?' आणि 'ज्याच्याजवळ वाहन नाही, तो येथे कसा राहतो?' या तिन्ही प्रश्नांची समाधानकारक उत्तरे जी वस्ती देऊ शकेल, तीच खरी सोयीची वस्ती.