दहशतवादाची व्याख्या आणि शेणोलीची गाडी

७ जून १९४३ रोजी कराड तालुक्यातील शेणोलीजवळ तुफान सेनेच्या तरुणांनी पगाराची रोकड नेणारी रेल्वेगाडी अडवून लुटली. जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन रामचंद्र लाड त्यांच्या अग्रभागी होते. ब्रिटिशांच्या लेखी हा दरोडा होता. सातारा-सांगलीत तो स्वातंत्र्यलढ्यातील पराक्रम म्हणून सांगितला जातो.

एकाचा दहशतवादी तो दुसऱ्याचा स्वातंत्र्यसैनिक, हे वाक्य येथे सोयीचे खरे. पण ते विचार थांबविते. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकल गाड्यांत ज्यांनी बॉम्ब ठेवले, त्यांना मरणारा कोण याच्याशी कर्तव्य नव्हते. कोणीही मरावे, हाच हेतू होता. शेणोलीत लक्ष्य होते ते सरकारी पैशाचे. भेद कारणाच्या पावित्र्यात नसून लक्ष्याच्या निवडीत आहे. अर्थात प्रतिसरकारलाही ही कसोटी सर्वस्वी सोपी नाही. गावगुंड व सावकारांना दिलेल्या शिक्षांमुळेच त्यास ‘पत्रीसरकार’ हे नाव पडले आणि त्यात धाक होताच. उलट ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या निःशस्त्र मोर्चावर गोळ्या झाडून नऊ जणांचे प्राण घेणारे शासन कोणत्याच व्याख्येत बसत नाही.

संयुक्त राष्ट्रांत १९९६ पासून रखडलेला सर्वंकष करार परकीय अंमलाविरुद्धच्या सशस्त्र लढ्यांच्या प्रश्नावरच अडला आहे. आणि त्याचा मसुदा मांडणारा देश भारतच.

देशांतर्गत कायद्याने मात्र ही अडचण बाजूस सारली. बेचाळीसमध्ये भूमिगत असलेले कराडचे यशवंतराव चव्हाण केंद्रीय गृहमंत्री असतानाच १९६७ मध्ये बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा संमत झाला. पोटा रद्द करताना, २००४ मध्ये, दहशतवादी कृत्याची व्याख्या त्यात आली. तिच्या १५ व्या कलमात हेतूबरोबरच ‘दहशत निर्माण होण्याचा संभव’ही पुरेसा ठरतो आणि सरकारी अधिकाऱ्यास बळाने धाक दाखविणेही येते. हे कलम शब्दशः लावल्यास शेणोलीचे तरुण सुटणे कठीणच.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ११३ व्या कलमाने जवळजवळ हीच व्याख्या सर्वसाधारण फौजदारी कायद्यात आणली. गुन्हा या दोहोंपैकी कोणत्या कायद्याखाली नोंदवावा, हे पोलीस अधीक्षक किंवा त्यावरील दर्जाचा अधिकारी ठरवितो.