दुसऱ्याच्या फोटोसमोर उभं राहायला शिका

"आमची नजर आमची. कुणाचं बघून फोटो काढायची आम्हाला गरज नाही." असं छाती काढून बोलणारे कार्यकर्ते आता गल्लोगल्ली भेटतात. खिशात मोबाईल, मोबाईलमध्ये कॅमेरा. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि एक जानेवारीला भीमा कोरेगावला फोटोंचा पाऊस पडतो. त्यात असतं काय? पुढाऱ्याच्या गळ्यातला हार, बॅनर आणि स्वतःचं थोबाड. रात्रभर गाडीत उभी राहून आलेली म्हातारी कुठाय? तिच्या पायाच्या भेगा कुठायत? नजर तुमची आहे ना, मग तिला ही बाई दिसली का नाही?

दोस्तांनो, कला रक्तात असते, उपजत असते, शिकून येत नाही, ही भाषा कुणाची? हीच भाषा बोलून आपल्या बापजाद्यांना शाळेच्या दाराबाहेर बसवलं. आणि आज आपलीच पोरं तोच माल नव्या पुडीत बांधून विकतायत! शिकण्याची लाज वाटणं हा बंडखोरपणा नाही. ती मनूची चाकरी आहे.

१९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नाव घेतलं ते अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथरवरून. तेव्हा कुणाला कमीपणा वाटला नाही. मग त्याच काळ्यांचे फोटो बघायला आज का लाज?

गॉर्डन पार्क्स घ्या. कॅन्ससमधल्या गरीब घरातला काळा माणूस. रेल्वेच्या जेवणाच्या डब्यात वेटर. एका प्रवाशानं टाकून दिलेलं मासिक त्याच्या हाती लागलं. त्यात गाव सोडून भटकणाऱ्या शेतमजुरांचे फोटो होते. काढणारे डोरोथिया लँग, आर्थर रॉथस्टाइन असे गोरे लोक. पार्क्सनं ते गोऱ्यांचे म्हणून फेकले नाहीत. पुन्हा पुन्हा पाहिले. भूक आणि अपमान कागदावर कसा उतरतो ते समजून घेतलं. मग गहाणवटीच्या दुकानातून जुना कॅमेरा घेतला.

१९४२ साली तो वॉशिंग्टनला त्याच सरकारी खात्यात गेला, जिथं त्या शेतमजुरांचे फोटो जमा होत होते. राजधानीत त्याला हॉटेलानं जेवू घातलं नाही, थिएटरनं आत घेतलं नाही. तेव्हा त्यानं सरकारी कचेरीत झाडू मारणाऱ्या एला वॉटसनला अमेरिकेच्या झेंड्यापुढं उभं केलं. एका बाजूला झाडू, दुसऱ्या बाजूला फरशी पुसायचा मॉप. ग्रँट वुड या गोऱ्या चित्रकाराचं १९३० सालचं एक गाजलेलं चित्र होतं: शेतकरी, त्याच्या बाजूला बाई, हातात दाताळं. पार्क्सनं तेच चित्र उचललं आणि अमेरिकेच्या तोंडावर मारलं. फोटोला नावही चित्राचंच पडलं, 'अमेरिकन गॉथिक'. पण तो तिथंच थांबला नाही. तिच्या घरी गेला, नातवंडांत बसला, तिच्या चर्चमध्ये गेला. कैक दिवस फोटो काढले. याला म्हणतात शिकणं. ही नक्कल नव्हे.

दुसरा अर्नेस्ट कोल. दक्षिण आफ्रिकेतला. हेन्री कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच माणसाचं मॉस्कोच्या साध्या लोकांवरचं फोटोंचं पुस्तक त्याच्या हाती पडलं. त्यातून त्याला कळलं की सुट्या फोटोंनी भागत नाही, माणसांचं अख्खं जगणं एका पुस्तकात बांधता येतं. मग आपल्या माणसांचं का नाही? पासाच्या कायद्यानं फिरता येईना, म्हणून त्यानं आडनाव 'कोले'चं 'कोल' केलं आणि सरकारदरबारी स्वतःचा वंशच बदलून घेतला. जेवणाच्या पिशवीत कॅमेरा लपवून तो खाणीत शिरला. तपासणीसाठी नागडे करून भिंतीकडं तोंड करून उभे केलेले मजूर त्यानं टिपले. १९६७ साली न्यूयॉर्कमध्ये 'हाऊस ऑफ बाँडेज' निघालं. त्याच्या देशानं त्यावर बंदी घातली. १९९० साली तो परमुलखातच मेला.

लांब कशाला जाता? आपल्या मुंबईत सुधारक ओलवे यांनी महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो वर्षानुवर्षं काढले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. लगेच अभिनंदनाचे बॅनर लागतील, त्यात आपण पटाईत. पण त्यातला एक फोटो समोर ठेवून तासभर बोललात का कधी?

कुणी म्हणेल, "सवर्ण फोटोग्राफर वस्तीत येतो, आपली गरिबी टिपतो, बक्षीस घेऊन जातो. त्याच्याकडून काय शिकायचं?" राग खरा आहे. पण लुटारू कोण आणि सोबती कोण, हे न बघताच कसं ठरवणार? बघा, तो कुठं उभा आहे. वरून खाली बघतोय की माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवतोय? समोरच्या बाईला नाव आहे, की ती नुसतीच 'पीडित'? कडेला काय कापलं? अत्याचार दाखवला, पण करणारा कुठं गेला? हे प्रश्न सवर्णाच्या फोटोला विचारा आणि आपल्याही फोटोला विचारा. आपला आहे म्हणून सूट नाही.

दाद देणं म्हणजे भक्ती नव्हे. भक्ती माणसाला कुठं नेते, ते बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बजावून सांगितलंय. चांगल्याला चांगलं म्हणायचं आणि का चांगलं तेही सांगायचं. नुसता अंगठा उठवून पुढं सरकणं ही दाद नाही, हा आळस आहे.

तेव्हा एक करा. वस्तीतल्या विहारात, वाचनालयात दर रविवारी एकच फोटो भिंतीवर लावा. कुणाचाही. म्हाताऱ्यांना बोलवा, बायांना बोलवा, पोरांना बोलवा. त्यावर भांडा. पुढच्या रविवारी आपल्यातल्याच कुणाचा लावा, त्यावरही तेवढंच भांडा. 'शिका' हा शब्द नुसत्या पुस्तकापुरता नाही. डोळ्यांनाही शिकवावं लागतं.

जयभीम.