दरवाजातून कुणी जायचं?

अमळनेरला मंगळवारी गर्दी असते ती मंगळग्रह मंदिरात. सुरत-भुसावळ मार्गावरच्या गाड्यांनी माणसं येतात, अभिषेक करतात आणि अंधार पडायच्या आत परततात. थोडा वेळ हाताशी असला तर कुणी साने गुरुजी शिकवत ते प्रताप हायस्कूल पाहतो, कुणी १९१६ साली सुरू झालेलं तत्त्वज्ञान मंदिर. जुन्या गावातला दगडी दरवाजा या यादीत क्वचितच असतो. तो पाहायचा नसतो, त्यातून जायचं असतं, असं गावानं पिढ्यान्‌पिढ्या मानलं. आजचा वाद त्या जाण्याचाच आहे.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात दरवाजालगतच्या बुरुजाचा भाग ढासळला आणि एरवी कुणाच्या खिजगणतीत नसलेली ही वास्तू चर्चेत आली. दरवाजातून वाहनं जाऊ द्यायची की नाही? बुरूज नव्यानं बांधायचा की आहे तेवढा सावरायचा? आणि हे सगळं नगरपालिकेनं करायचं की पुरातत्त्व खात्यानं? शेवटचा प्रश्न आपल्याकडे नेहमी पहिल्या दोहोंना गिळून टाकतो.

दरवाजा वाहनांना कायमचा बंद करा म्हणणाऱ्यांची बाजू भक्कम आहे. बैलगाड्या, घोडी आणि फार तर हत्ती गृहीत धरून बांधलेली ही कमान. काळा दगड भारी असला तरी त्याला धरून ठेवणारा चुना पावसानं धुपत जातो, सांध्यांत पिंपळाची मुळं शिरतात. त्यात दिवसभर मालाचे टेम्पो गेले की धक्का बसतो तो आधीच सैल झालेल्या सांध्यांना. एखादा उंच भरलेला ट्रक कमानीच्या दगडाला घासून जातो, आणि ती खूण पुढच्या पावसाळ्यात भेग होते. शिवाय खालून माणसं ये-जा करतात. दगड पडला आणि कुणी दगावलं तर वारशाची भाषा कोण ऐकून घेणार?

पण दुसऱ्या बाजूला नुसता आडमुठेपणा आहे असं म्हणून चालणार नाही. जुन्या पेठेतल्या दुकानदाराचं गिऱ्हाईक दारातून येतं. वाट वळवली की ते नव्या वस्तीतल्या मोठ्या दुकानांकडे वळतं आणि सहसा परत येत नाही. आत राहणाऱ्यांना गॅसची गाडी, रुग्णवाहिका, आगीचा बंब लागतो, लग्नाची वरातही न्यायची असते. वाहतूक वळवण्याचा नकाशा काढणारा साहेब त्या गल्लीत राहत नसतो. आणि ज्या दारातून कुणी जात नाही तिथं काय होतं, हे खानदेशातल्या कितीतरी गढ्यांच्या देवड्यांत नाक धरून पाहता येतं. वापर थांबला की उकिरडा सुरू होतो.

तिसरं मत उघडपणे कुणी मांडत नाही, पण मनात पुष्कळांच्या असतं. तट राहिला नाही, मग एकट्या दरवाजाला काय अर्थ? पाडा आणि रस्ता मोकळा करा. हसण्यावारी न्यावं असं हे मत नाही. मुंबईनं १८६०च्या दशकात आपल्या किल्ल्याचा तट दरवाजांसकट पाडला. चर्चगेट हे नाव स्टेशनाला उरलं, गेट गेलं. मुंबईचं त्यानं बिघडलं असं म्हणता येत नाही. कोंदटलेल्या शहराला हवा मिळाली, मोकळ्या जागेवर आज आपण ज्यांना वारसा म्हणतो त्या इमारती उभ्या राहिल्या. मात्र तिथं अख्खा तट आणि खंदक हटवून शहराला जमीन मिळाली होती. अमळनेरात दरवाजा पाडून मिळेल ती चार फूट रुंदी, आणि तीही पुढच्या अरुंद गल्लीत संपणारी.

आणि या भागात दरवाजा म्हणजे काय असतो, हे थाळनेरइतकं दुसरं कुठलं गाव सांगत नाही. शिरपूर तालुक्यातलं, तापीकाठचं, फारुकी सुलतानांची पहिली राजधानी असलेलं हे गाव. मंदसोरच्या तहानं होळकरांनी खानदेशातला मुलूख सोडला, तेव्हा थाळनेरही इंग्रजांकडे जायचं होतं. २७ फेब्रुवारी १८१८ रोजी सर थॉमस हिस्लॉपची फौज किल्ल्यापुढे आली. किल्लेदार तुळशीराम मामा बाहेर येऊन स्वाधीन झाला. फौज एकामागून एक दरवाजे ओलांडत शेवटच्या दाराशी पोचली. आत अरब शिबंदी अटींवर अडून होती. दिंडी उघडली, मोजके गोरे अधिकारी आणि शिपाई वाकून आत शिरले. पुढच्या काही क्षणांत काय घडलं, कुणाला कुणाचं बोलणं समजलं नाही, यावर नंतर पुष्कळ लिहिलं गेलं. दोन अधिकारी मारले गेले. मग आत घुसलेल्या फौजेनं तीनशेच्या आसपास शिबंदी कापून काढली आणि आधीच शरण आलेल्या किल्लेदाराला त्याच दिवशी फाशी दिलं. पुढल्या वर्षी लंडनच्या पार्लमेंटमध्ये या मोहिमेच्या आभाराचा ठराव आला, तेव्हा थाळनेरच्या प्रकाराला मान्यता देणं सभासदांना जड गेलं आणि तेवढा भाग आभारातून वगळला गेला.

एका माणसाला वाकून जावं लागेल एवढ्या दिंडीवर हे सगळं घडलं. आज थाळनेरला पडके बुरूज, तटाचे तुकडे आणि फारुकींच्या कबरी आहेत. ती दिंडी कुठं होती हे शाळेच्या सहलीला बोट दाखवून सांगता येत नाही. त्याच १८१८ साली अमळनेरच्या किल्ल्यातली अरब शिबंदीही अडून बसली होती. तिथं मात्र इंग्रजी फौजेपुढे तिनं शस्त्रं खाली ठेवली आणि कत्तल टळली. म्हणजे एका जिल्ह्यात दारावरचा रक्तपात आहे पण दार नाही, शेजारच्या जिल्ह्यात दार उभं आहे आणि त्याची गोष्ट सांगणारा फलक वाचायला कुणी थांबत नाही. धुळे-जळगाव महामार्गावरच्या पारोळ्यातही तेच. १७२७ साली हरि सदाशिव दामोदर यांनी बांधलेला खंदकाचा भुईकोट बाजाराच्या गलबल्यात उभा आहे आणि बस पुढे निघून जाते.

मग करावं काय? छत्रपती संभाजीनगरनं हा पेच आपल्या आधी सोसला आहे. दरवाजांचं शहर म्हणवणाऱ्या त्या गावात मलिक अंबरच्या काळातला, १६१२ सालचा भडकल दरवाजा रस्त्याच्या मधोमध उभा आहे आणि वाहनं बाजूनं जातात. नाल्यावरच्या पुलांना जोडलेल्या दरवाजांचं दुखणं अवघड होतं, तिथं शेजारून समांतर पूल बांधण्याचा मार्ग निवडला गेला. या तोडग्याला पैसा लागतो आणि शेजारी जागा लागते. अमळनेरच्या जुन्या वस्तीत ही जागा कुणाच्या तरी घराच्या ओट्यातून काढावी लागेल. त्यामुळे संभाजीनगरचा कित्ता जसाच्या तसा गिरवता येणार नाही.

आमचं मत असं. अवजड वाहनांना दरवाजा बंदच असावा, आणि तो नुसत्या फलकानं नव्हे तर अलीकडे-पलीकडे रोवलेल्या दगडी खांबांनी. पायी चालणाऱ्याला, सायकलला, हातगाडीला तो उघडा असावा. दुचाकींचं काय, यावर आम्ही ठाम नाही. दुचाकीचा धक्का कमी असतो हे खरं, पण संख्या मोजली की ते कमी राहत नाही. निदान बाजाराच्या दिवशी दुचाकी बाहेर ठेवून पाहावं. आतल्या दुकानांचा माल पहाटे ठरावीक वेळेत छोट्या गाडीनं यावा, आणि दुसरी वाट सुधारल्याशिवाय पहिली बंद करू नये. रुग्णवाहिका कुठून येणार हे आधी कागदावर नव्हे, गाडी चालवून ठरवावं.

डागडुजीबद्दल मात्र आमच्या मनात संदेह नाही. ढासळलेला बुरूज पूर्वीपेक्षा चकचकीत करून उभारायचा मोह नेत्यांना होतो, कारण त्याचं उद्घाटन करता येतं. सिमेंटनं सांधे भरले की ओल आत कोंडते आणि दगडच झिजू लागतो. चुन्याचं काम सावकाश चालतं, त्याला सुकायला वेळ द्यावा लागतो, आणि त्याचा जाणकार कारागीर मिळवणं हे निविदा काढण्यापेक्षा कठीण आहे. आहे तेवढं सावरावं, पडलेले दगड क्रमांक घालून ठेवावेत, नवं बांधलेलं नवं दिसेल असं राहू द्यावं.

एक अडचण उरते, ती पंचांगाची. चुन्याच्या कामाला दिवाळीपासून होळीपर्यंतचा काळ उत्तम. पुढे खानदेशातल्या उन्हात चुना नीट मुरण्याआधीच वाळून तडकतो आणि त्यानंतर पाऊस येतो. सरकारी निधी मात्र बहुधा वर्ष संपता संपता, मार्चच्या शेवटच्या आठवड्यांत हलतो आणि ३१ तारखेच्या आत खर्ची पडावा लागतो. पुरातत्त्व खातं आणि नगरपालिका यांनी एकत्र बसून काही करायचंच असेल, तर निधीची मागणी आणि कारागिराची नेमणूक पावसाळ्यातच उरकून घ्यावी, म्हणजे दिवाळीतल्या पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी पहाड बांधता येईल.