चेअरमनसाहेब, आमचं नाव कोणत्या वहीत आहे?

आदरणीय चेअरमनसाहेब,



तुमच्या कारखान्याचा वार्षिक अहवाल माझ्यापुढं उघडा आहे. गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर संस्थापकांचा फोटो, मग गाळप, उतारा, आसवनी, सहवीज, कर्जं, ठेवी. सभासद किती, कायम कामगार किती, हंगामी कामगार किती, सगळं आकड्यांत. आम्ही ऊसतोड मजूर कुठं आहोत म्हणून पानं उलटत गेले, तर सापडलो अगदी शेवटी, आभाराच्या परिच्छेदात. वाहतूकदार, बँका आणि हितचिंतक यांच्या जोडीला. आकडा मात्र नाही.

मी बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातली आशा कार्यकर्ती. तुम्ही मला ओळखत नाही, पण आमचं घर तुमच्या कारखान्याला चांगलं ओळखतं. दसरा-दिवाळी झाली की आईवडील भांडीकुंडी, पत्रे, कोंबड्या ट्रॅक्टरवर टाकून तुमच्याकडं निघायचे आणि हंगामाचा पट्टा पडल्यावर ऐन उन्हाळ्यात परतायचे. मी लहानपणी तळावरच्या कोपीत वाढले, पुढं आजीपाशी राहून शिकले. आता भाऊ-भावजय जातात. दुसरी पिढी तुमच्या गव्हाणीला ऊस पुरवते आहे. परक्या माणसाचा राग येतो, इतक्या जुन्या संबंधातल्या माणसाचं वाईट वाटतं. ते चारचौघांत बोलून दाखवायची वेळ आली, कारण तुमच्या ऑफिसात बोलून झालं.

गेल्या हंगामात एका पहाटे माझी भावजय ट्रॉली भरताना फळीवरून पडली. फळी तुम्हांला माहीत असेल, वाचणाऱ्यांसाठी सांगते. फडातून मोळ्या बाहेर काढायच्या, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर तीस-चाळीस किलोची मोळी, आणि ट्रॉलीला टेकवलेल्या अरुंद फळीवरून वर जायचं. वर पोचलं की मान झटकून मोळी आत टाकायची आणि दुसरीसाठी खाली यायचं. थंडीत दवानं फळी बुळबुळीत होते. पायात स्लीपर असली तर असली. ट्रॉली जसजशी भरते तसतशी फळी उभी होत जाते, म्हणजे अंगातलं त्राण संपत आलेलं असतं तेव्हाच चढ सगळ्यांत अवघड. भावजय अशाच भरत आलेल्या ट्रॉलीवरून खाली आली. मांडीचं हाड मोडलं.

भावानं कारखान्याच्या स्लिपबॉयला सांगितलं. तो म्हणाला, शेतकी ऑफिसात जा. शेतकी ऑफिसात मी स्वतः गेले. साहेबांनी बसायला खुर्ची दिली, चहा मागवला, संगणकात बघितलं आणि म्हणाले, "ताई, यांचं नावच नाही आमच्याकडं. आमचा करार वाहतूकदाराशी आहे." वाहतूकदार म्हणाला, मी मुकादमाला पैसे दिलेत, मजूर त्याचे. मुकादम म्हणाला, मी आगाऊ उचल तुझ्या भावाला दिली, बाईला कुठं दिली? तिघंही खरं बोलत होते, हेच मला जास्त लागलं. कागदोपत्री कुणीच चुकलेलं नव्हतं. माझी भावजय तुमच्या ट्रॉलीवरून पडली नव्हती, तुमच्या गटातल्या उसात नव्हती, तुमच्या तळावर राहत नव्हती. मग ती मोडलेली मांडी कुणाची होती?

दवाखाना खासगी, खर्च कानातलं मोडून केला. उन्हाळ्यात हिशेबाला बसलो तर अंथरुणावरच्या दिवसांचे खाडे लावलेले, दिवसाला पाचशे रुपये दंड. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, भाऊ उरला अर्धा कोयता. उचल फिटली नाही, बाकी पुढच्या हंगामावर फिरली. म्हणजे यंदा ती पाय ओढत का होईना, भाऊ तिला घेऊन येणार. नाही आला तर मुकादम घरी येणार.

साहेब, यातलं तुम्हांला काही नवीन नाही. तुम्ही स्वतः ऊस पिकवणारे, फडात उभे राहिलेले आहात. माझ्या आईच्या टोळीनं एका वर्षी सर्वांत जास्त टनेज दिलं, तेव्हा सत्कार तुमच्याच हस्ते झाला होता. मुकादमाला फेटा आणि रोख बक्षीस, गड्यांना टॉवेल-टोपी, बायांना साड्या. माईकवर नाव मुकादमाचं घेतलं. आईनं ती साडी लग्नकार्याला नेसली, लोकांना सांगितलं, चेअरमननं दिली म्हणून. तुमच्याबद्दल आमच्या घरात वाईट शब्द निघाला नव्हता. म्हणून शेतकी ऑफिसातलं ते उत्तर मी तुमचं मानायला तयार नव्हते. मी तुम्हांला पत्र पाठवलं. पोच आली, उत्तर आलं नाही.

आता पैशाचं बोलू. जानेवारी 2024 मध्ये ऊसतोड मजुरांच्या संघटना आणि साखर संघाची बोलणी झाली, 34 टक्के वाढ मिळाली आणि तोडणीचा दर टनाला 273 रुपयांचा 366 झाला. पेपरात मोठी बातमी आली. मी घरी बसून गणित मांडलं. सरकार उसाची एफआरपी, म्हणजे किमान दर, ठरवताना सव्वादहा टक्के उतारा धरतं, म्हणजे टनाला 102 किलोच्या वर साखर. त्या हिशेबानं एका किलो साखरेत तोडणीचे पडतात साधारण साडेतीन रुपये. शीतपेयाच्या 300 मिलीच्या बाटलीत तीस ग्रॅमच्या आसपास साखर जाते, त्यात आमच्या कोयत्याचा वाटा अकरा पैसे. उद्या तोडणीचा दर दुप्पट झाला तरी बाटली पिणाऱ्याला अकरा पैशांचा फरक पडेल. दर परवडत नाही असं जो म्हणतो, त्याला मी हे गणित दाखवते. तुम्ही तुमच्या अकाउंटंटकडून तपासून घ्या.

टनाला 366 म्हणजे नवरा-बायको दोघांचे. पहाटे तीन-चारला उठून जोडप्यानं दोन टन तोडला, मोळ्या बांधल्या, वाहिल्या, भरल्या, तर सातशे-साडेसातशे. माणशी साडेतीनशे, तेही बारा-चौदा तासांचे. बाईच्या त्याआधीच्या भाकरी आणि त्यानंतरचं पाणी यात धरलेलं नाही. वजन कारखान्याच्या काट्यावर, पावती वाहतूकदाराकडं, हिशेब मुकादमाच्या वहीत. मुकादमाचं 20 टक्के कमिशन मात्र कागदावर ठरलेलं असतं. दलालाची लेखी सोय झाली आहे, राबणाऱ्याची नाही.

शेतकऱ्याचं मी विसरलेले नाही. तोडणी-वाहतुकीचा खर्च त्याच्याच बिलातून कापला जातो, हे मला ठाऊक आहे. वर आमचीच माणसं फडात उतरताना त्याच्याकडून खुशालीचे पैसे मागतात, आणि ऊस वाळायला लागला की तो देतो. हेही खरं की काही जोड्या दोन-दोन मुकादमांची उचल घेऊन बेपत्ता होतात आणि वाहतूकदार कर्जात बुडतो. आमच्या बाजूला संत भरलेत असं मी म्हणत नाही. पण ही सगळी फसवाफसवी चालते ती उचलीवर आणि तोंडी हिशेबावर. ज्याची मजुरी आठवड्याला बँकेत पडते तो रातोरात पळून जात नाही. तुमचे हंगामी कामगार गेलेत का कधी पळून?

एक विषय बायांचा आहे, आणि तो मी टाळणार नाही. 2019 साली आमच्या जिल्ह्यातल्या गर्भपिशवीच्या ऑपरेशनांचा गाजावाजा झाला. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. सर्वेक्षणात बीडमधल्या 82,309 ऊसतोड बायांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. सहा जणींत एक. लोक म्हणाले, अडाणी बाया, डॉक्टर लुबाडतात. डॉक्टरांनी लुबाडलंच. पण माझ्या आईनं का काढली ते मला माहीत आहे. तळावर संडास नाही, आडोशाला फड, पाणी कॅनॉलचं. पाळीच्या दिवसांतही मोळी उचलायची, अंगावरून पांढरं जातं म्हणून तालुक्याला गेलं की डॉक्टर कॅन्सरची भीती घालणार, आणि बाई मनात हिशेब करणार की एकदा पिशवी गेली की खाडे तरी जातील. त्यानंतर आमच्याकडं या ऑपरेशनला जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागायला लागली. ठीक झालं. पण परवानगी ऑपरेशनला लागते. खाडा लावायला कुणाची लागत नाही, आणि तळावर संडास नसला तरी गळिताचा परवाना मिळतो.

मी आशा म्हणून काय करते? बाया निघायच्या आधी गरोदर कोण ते लिहून घेते, लोहाच्या गोळ्यांची पाकिटं हातात देते, माता-बाल आरोग्य कार्ड नीट ठेव म्हणून दहादा बजावते. ट्रॅक्टर गेला की माझं रजिस्टर थांबतं. तिकडं तुमच्या गावच्या आशाच्या यादीत ही बाई पाहुणी. उन्हाळ्यात बाई परत येते तेव्हा काखेत पोर असतं किंवा नसतं. मी त्या रकान्यात काय लिहू हे मला कुणी शिकवलेलं नाही.

सरकारनं काहीच केलं नाही असंही नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झालं, टनामागं 10 रुपये कारखान्यांनी आणि तितकेच सरकारनं द्यायचे ठरलं. पोरांसाठी संत भगवानबाबांच्या नावानं 41 तालुक्यांत 82 वसतिगृहं मंजूर झाली. 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं आमच्या हालांची स्वतःहून दखल घेतली. ग्रामसेवकानं भावजयीला ओळखपत्रही दिलं, फोटोसकट. त्यावर ती ऊसतोड कामगार आहे. कुणाची, ते लिहिलेलं नाही.

मार्च 2024 मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये महाराष्ट्रातल्या फडांची मोठी बातमी आली. उचल, बालविवाह, पिशवीची ऑपरेशनं, आणि इथली साखर घेणाऱ्या कोकाकोला-पेप्सीसारख्यांची नावं. त्यानंतर साहेबलोकांची धावपळ झाली म्हणतात. तुमच्याकडंही एका बड्या गिऱ्हाइकाची माणसं पाहणीला येऊन गेली. भाऊ सांगत होता, गोदाम पाहिलं, पॅकिंग पाहिलं, कामगारांची हेल्मेटं पाहिली. फडात न्यायला एक रस्त्याकडेचा गट आदल्या दिवशी निवडून ठेवला होता. तिथल्या बायांना हातमोजे वाटले, गाडी गेल्यावर मोजून परत घेतले. हे तुमच्या कानावर आलं नसेल तर आता येऊ दे. सातासमुद्रापलीकडच्या माणसाला आमची लाज वाटली म्हणून तुम्हांला हातमोजे सुचले, याचं मला फळीवरून पडण्याइतकंच लागलं.

तुमचे लोक सांगतात, आता हार्वेस्टर येतायत, मजुरांचं हे रडगाणं दहा वर्षांत संपेल. येऊ देत. मशीन घेताना तुम्ही त्याचा नंबर नोंदवता, विमा उतरवता, हंगामाआधी ऑइल-पाणी बघता. तेवढं आमचं मागणं आहे. फार नाही. कंत्राटी कामगारांच्या 1970 च्या कायद्यात होतं की ठेकेदारानं मजुरी थकवली तर मूळ मालकानं भरायची, आणि नव्या श्रमसंहितेतही ते राहिलं आहे. उचलीत बांधून काम करून घेणं 1976 पासून गुन्हा आहे. कायदे आहेत. त्यांना धरायला एक कागद लागतो, ज्यावर कारखाना आणि मजूर दोघांची नावं शेजारी-शेजारी असतील. तो कागद होऊ नये एवढ्याचसाठी मध्ये वाहतूकदार आणि मुकादम उभे केले आहेत, असं मला वाटायला लागलं आहे. ते खोटं ठरवणं तुमच्या हातात आहे.

तर विनंती अशी. पावसाळ्याच्या तोंडाशी तुम्ही वाहतूकदारांशी पुढच्या हंगामाचे करार करता. त्या छापील करारासोबत टोळीतल्या प्रत्येकाची यादी घ्या, बाईचं नाव वेगळ्या ओळीत, तिचं बँक खातं वेगळं. काट्यावरच्या वजनाचा मेसेज तिच्या मोबाइलवर जाऊ दे आणि निम्मी मजुरी तिच्या खात्यात. आजारपण, बाळंतपण, अपघात यांना खाडा लावणाऱ्या मुकादमाचं कमिशन कापा. तळावर बायांसाठी संडास आणि नळ. आणि माझ्या भावजयीच्या दवाखान्याची बिलं मी या पत्राला जोडली आहेत, ती कुणी भरायची ते मला लेखी कळवा. "आमच्याकडं नाव नाही" हे उत्तर मला एकदा मिळालं आहे, ते पुन्हा पाठवू नका.

करारांचे नमुने छापायला अजून वेळ आहे.

कळावे,
आपली नम्र,
धारूर तालुक्यातली एक आशा कार्यकर्ती